खाली डबा, वर केबिन

आमच्या धंद्यात ‘प्रपोजल पाठवा’ याचा अर्थ ‘आता तुम्ही निघा’ असा होतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. छोट्या कारखान्यांत जायचं, माल कुठे अडतो, वेळ कुठे जातो, विकलेला माल परत का येतो हे शोधायचं आणि ते सुधारून द्यायचं, हा आमचा व्यवसाय. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मैत्रिणीचा. लोक त्याला कन्सल्टन्सी म्हणतात. माझे वडील म्हणायचे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याची भांडी कुठे ठेवायची ते सांगण्याचे हे पैसे घेतात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन झाले. घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभं राहणाऱ्या कुठल्याही माणसाबद्दल त्यांना शेवटपर्यंत संशय होता. मी त्यांना सांगायचे, बाबा, मी तसली नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं की माझा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास बसला.

सुरुवातीला आम्ही रीतसर प्रपोजलं लिहायचो. आधी कारखान्याची सद्यस्थिती, मग उद्दिष्टं, मग कामाचे टप्पे, मग रंगीत तक्ते. प्रत्येक शेठसाठी नवीन, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपला धंदा जगावेगळा आहे. सगळे रविवार त्यात जायचे. मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्यायचं आणि मरोळला नेऊन द्यायचं. शेठ ते हातात तोलून बघायचे, थेट शेवटचं पान उघडायचे, आणि ‘वाचून कळवतो’ म्हणत वाटाण्याच्या अक्षता लावायचे. एका ठिकाणी आमचं प्रपोजल चलनांच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं मी पाहिलं, पंख्याच्या वाऱ्याने चलनं उडू नयेत म्हणून. माझं डोकंच फिरलं. मी ते उचलून पिशवीत घातलं आणि सरळ बाहेर पडले. मैत्रीण मागून हसत आली.

“बंद करू या हे,” ती टपरीवर चहा घेताना म्हणाली.

“काय?”

“हे लिहिणं गं. कोण वाचतंय यार? आपण जाऊ, बघू, बोलू. पटलं तर काम, नाही तर राम राम.”

“आणि आपण काय काय करणार, ते कुठे लिहायचं?”

“कशाला लिहायचं? शेठ लोक आपसात सगळं तोंडीच ठरवतात. आपणच शहाण्या, बाड घेऊन फिरतोय.”

मला ते झकास वाटलं. इतकं झकास की मी तिला टाळी दिली. ती आधीच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर होती. राहायला चेंबूरला. बोलण्यात चतुर, इंग्रजी फर्डं, कुठल्याही केबिनमध्ये शिरली की आतली माणसं सावरून बसायची. माझं तसं नाही. मी केबिनमध्ये अवघडते आणि अवघडले की फटकळ बोलते. वडील आजारी होते तेव्हा हॉस्पिटलात माझ्या पाळीला ती बसायची. मी घरी जाऊन अंघोळ करून यावं म्हणून. अशा माणसाने काही सांगितलं तर आपण त्याला दुसरा अर्थ शोधत नाही.

प्रपोजल बंद केल्यावर आमची पद्धत कशी बसत गेली ते सांगते. त्यात आखणी काही नव्हती. एका मसाल्याच्या गाळ्यात आम्ही पहिल्यांदा गेलो ते नेमके जेवणाच्या सुट्टीत. शेठने दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मला भूक लागली होती आणि केबिनमध्ये डबा उघडणं बरं दिसेना, म्हणून मी खाली पॅकिंगच्या बायका जेवत होत्या तिथे जाऊन बसले. त्या सरकल्या, मी डबा उघडला, चार जणींच्या भाज्या माझ्या झाकणात आल्या, माझी त्यांच्याकडे गेली. सुट्टी संपेपर्यंत त्या गाळ्यात काय बिघडलंय ते मला कळलं होतं. कारखान्यात कुणी काही लपवत नाही, फक्त कुणी जेवताना विचारत नाही. मग मी वर गेले आणि शेठला त्याच्याच गाळ्यातली एक गोष्ट सांगितली, जी त्याला ठाऊक नव्हती. फुकट सांगितली. कुणाचं नाव न घेता. शेठने मैत्रिणीकडे पाहिलं, मैत्रीण हसली, आणि शेठने विचारलं, कधीपासून सुरू करताय?

झालं, तीच आमची रीत पडली. ती वर, मी खाली. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी पोहोचायचं. ती केबिनमध्ये बसून शेठशी बोलायची, मी डबा घेऊन खाली बसायचे, आणि सुट्टी संपली की वर जाऊन एक गोष्ट सांगायची. एक पान लिहावं लागत नव्हतं. मुलुंडला एका उद्योजकांच्या मंडळात आम्हाला बोलावून लोकांनी आमची ही पद्धत ऐकून घेतली. ‘ग्राहक मिळवायचा तर त्याच्या माणसांबरोबर जेवा,’ असं मी माईकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने सगळ्यात जोरात वाजवल्या. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा आला, स्विच जोडण्याचा. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मध्ये स्प्रिंग, स्क्रू आणि पितळेच्या पत्त्यांचे ट्रे. बहुतेक जणी कंत्राटदाराची माणसं, पण वर्षानुवर्षं तिथेच. माल फार परत येत होता. शेठचं म्हणणं, बायकांचं लक्ष नसतं. त्या दिवशी माझ्या डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ होती. समोरच्या बाईने झाकण उघडताच मान वर केली.

“ही उसळ कोणी केल्यान?”

“मीच. आईच्या हाताखाली शिकले. आईचं माहेर कुडाळ.”

“मगे सांग मा तसा! मी बघतंय, ह्यां वाटाप आमच्या थंयचां.”

वाटणावरून तिने गाव ओळखलं, आणि त्या क्षणापासून ती माझी मावशी झाली. घाटकोपरलाच, डोंगरावरच्या वस्तीत राहायची. नवरा घरी बसून, घर तिच्या पगारावर. मी जायचे तेव्हा तिने माझ्यासाठी शेजारी जागा धरलेली असायची आणि इतर जणींना ती ‘आमच्या गावचां चेडू’, म्हणजे गावची मुलगी, अशी माझी ओळख करून द्यायची. माल परत का येतो, तेही तिनेच सांगितलं. पत्तीची कड बाहेरूनच खरखरीत येते, ती स्प्रिंगला अडकते. बायकांनी घरून छोट्या कानशी आणल्या होत्या. सुपरवायझरची पाठ वळली की पत्ती घासायच्या. ज्या पत्त्या घासायला वेळ मिळायचा नाही, तो माल परत यायचा. “शेठाक सांगू नको हां,” ती म्हणाली. “वेळ घालवतंत म्हणान बोंबलतलो.” मी वर जाऊन शेठला एवढंच सांगितलं, पत्ती कुठून येते तिथे जाऊन तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. त्याने तिथल्या तिथे ट्रेमधली पत्ती मागवली, बोट फिरवलं, आणि काम आम्हाला मिळालं.

ते काम मी जीव ओतून केलं. पत्ती बनवणारा बदलायला लावला. ट्रे हाताशी आणले, स्प्रिंगचा गुंता होऊ नये म्हणून खाचांच्या पट्ट्या करून घेतल्या, टेबलाची उंची वाढवली कारण सगळ्यांच्या माना धरत होत्या. कानशी घरी गेल्या. माल परत येणं जवळजवळ थांबलं, आणि आधी संध्याकाळपर्यंत पुरणारं काम चहाच्या आधी संपायला लागलं. मावशी म्हणाली, हात आता आपसूक चालतंत. मला वाटलं, बाबा असते तर त्यांना आणून दाखवलं असतं.

काम संपवून आम्ही बाहेर पडलो, आणि थोड्याच दिवसांत सकाळी मावशीचा फोन आला.

“गो, आमका उद्यापासून येव नको म्हणान सांगल्यानी. अर्ध्या टेबलाक. ब्रेक दिल्यानी म्हणतंत. तू शेठाक जरा सांग मा. तो तुझा ऐकता.”

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज आहे, मी आत्ता जाते. आणि मी खरंच तशीच गेले. मेट्रोत उभी राहून शेठला काय सुनवायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. काम वेगाने होतंय तर जास्त ऑर्डर घ्या, बायकांना कशाला काढता, असं सगळं.

शेठने मला बसवलं, पाणी मागवलं. माझं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. तो गोंधळला होता.

“मॅडम, पण हे तर ठरल्याप्रमाणेच आहे ना?”

“कुणी ठरवलं?”

“तुमच्या पार्टनरनी. पहिल्याच दिवशी. तुम्ही खाली जेवत होता तेव्हा. त्या बोलल्या, काम झालं की अर्ध्या टेबलात माल निघेल, बाकीच्या बायका कमी करता येतील. आणि बायका आरडाओरडा करणार नाहीत, कारण आमच्या मॅडम त्यांच्यातल्याच आहेत.” मग माझ्याकडे बघत तो म्हणाला, “म्हणून तर काम दिलं. पत्तीचं काय, ते आज ना उद्या कळलंच असतं.”

मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मला आधी राग आलाच नाही. आधी मला जुने गाळे आठवायला लागले. मसाल्याचा गाळा, जिथे मी पुढच्या खेपेला गेले तर जेवायला निम्म्याच बायका होत्या. फण्यांचा कारखाना, तिथेही तसंच. मी मैत्रिणीला विचारलं होतं, बाकीच्या कुठे गेल्या गं? ती म्हणाली होती, गणपतीला गावी गेल्यात, येतील सावकाश. कोकणातल्या बायका गणपतीला गावी जातात आणि कधीकधी परतायला उशीर करतात, यात संशय घेण्यासारखं मला काय सापडणार होतं? आमच्या घरात दर वर्षी हेच होतं. तिने माझ्यासाठी खोटं निवडलं तेही माझ्याच घरातलं. त्या एका गोष्टीसाठी मी तिला आयुष्यभर माफ करणार नाही.

आमचं छोटं ऑफिस त्याच वसाहतीत होतं. मी आत शिरले तेव्हा ती फोनवर होती. माझा चेहरा बघून तिने फोन ठेवला. तिला लगेच कळलं. नाकारण्याचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

“बस,” ती म्हणाली.

“नाही बसत. तू शेठला काय सांगितलंस?”

“जे सगळ्यांना सांगते ते.”

“सगळ्यांना?”

“मग तुला काय वाटलं, डब्यावर कामं मिळत होती? तुझी उसळ खाऊन कोणी चेक फाडत नाही गं. शेठला स्प्रिंगमध्ये इंटरेस्ट नसतो. त्याला माणसं कमी झालेली बघायची असतात. ते मी वर बसून विकत होते. तू खाली जेवत होतीस.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू त्यांच्यात बसू शकली असतीस? तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. एका मिनिटात त्या बायकांना कळलं असतं आणि सगळ्याची वाट लागली असती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते मी बोलले. शेवटी विचारलं, की हे सगळं एवढं उघड होतं तर आपण काय करणार हे कधीतरी लिहून का नाही ठेवलंस, निदान शेठकडून तरी मला कळलं नसतं.

“लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस,” ती म्हणाली. “प्रपोजल बंद कशाला केलं मग?”

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती. मला मात्र चहाची टपरी आठवत होती, आणि तिथे मी दिलेली टाळी. कोणी वाचत नाही म्हणून लिहिणं बंद करू, असं ती म्हणाली होती. वाचणारी एकच होती, ती मी, आणि माझ्यासाठीच ते बंद केलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना तिने माझ्यासाठी चहा मागवला होता.

माझीही चूक होतीच, मी डोळे उघडे ठेवायला हवे होते, असं अशा वेळी म्हणायची हल्ली पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मैत्रिणीवर डोळे ठेवायचे नसतात. ज्या दिवशी ठेवावे लागतील त्या दिवशी ती मैत्रीण नाही. आम्ही भागीदारी मोडली. दोघींच्या ओळखीच्या माणसांनी समेट घडवायचा प्रयत्न केला. म्हणे, तिने काही तुला बुडवलं नाही, निम्मं तर तुलाच दिलं. खरंच, निम्मं मलाच मिळालं होतं. त्याचाच तर मला जास्त राग येतो.

मावशीला मी फोन केला आणि होतं ते सगळं सांगितलं. शेठ ऐकणार नाही हेही सांगितलं. कंत्राटदाराला भेटले, दोन-तीन ठिकाणी तिच्यासाठी शब्द टाकला तेही सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, “बरां.” आणि फोन ठेवला. पुढे मी कितीदा लावला, तिने उचलला नाही. एकदा डोंगरावर तिच्या घरीही गेले. दार तिच्या सुनेने उघडलं. आई झोपल्यात म्हणाली. आत टीव्हीचा आवाज येत होता आणि त्यावर मावशीचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

आता मी एकटीच काम करते. मोठं प्रपोजल नाहीच, ते भूत पुन्हा मानेवर घ्यायचं नाही. पण अर्धं पान लिहिते. पहिलं वाक्य असं, की या कामामुळे कारखान्यातल्या कुणालाही काढलं जाणार नाही. शेठने त्याच्याखाली सही केल्याशिवाय मी खाली पाऊल टाकत नाही. बहुतेक शेठ ते अर्धं पान वाचतात, अगदी पहिल्या शब्दापासून, आणि म्हणतात, बघतो, कळवतो. कामं फारच कमी मिळतात.

परवा एकाने सही केली. त्याच वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून, टॉर्च जोडण्याचा गाळा. मला इतका आनंद झाला की मी सकाळी उठून पुरेशी भाजी केली, सगळ्यांना घासभर मिळेल अशी. सही केलेला कागद पर्समध्ये ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली गेले. तिथली एकही बाई माझ्या ओळखीची नव्हती. मी येताना दिसले तसं बोलणं थांबलं. मी खाली बसायला वाकले तेवढ्यात एक तरुण बाई लगबगीने उठली आणि सुपरवायझरची खुर्ची घेऊन आली. पदराने पुसून तिने ती जरा लांब ठेवली.

“मॅडम, वर बसा ना.”

“अगं, नको, मी खालीच बसते.”

“नको नको, वर बसा.”

मी खुर्चीवर बसले. डबा मांडीवर उघडला. माझं झाकण त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं आणि त्यांच्यातलं कुणी पुढे करत नव्हतं. त्या खाली मान घालून जेवत होत्या. शेवटी त्याच तरुण बाईने विचारलं, अगदी अदबीने, तोंडातला घास संपवून.

“मॅडम, आमच्यातल्या किती जणी जाणार?”

“एकही नाही,” मी म्हटलं. “मी शेठकडून लिहून घेतलंय. कागद आहे माझ्याकडे, दाखवू?”

ती कागदाला हसली नाही, पण तिने हातही पुढे केला नाही.

“त्या स्विचवाल्या गाळ्यात पण असंच सांगितलं होतंत ना?”

“नाही,” मी म्हटलं. “तिथे मला कुणी विचारलंच नव्हतं.”